हॅम्बुर्गचा कोट आणि मापाचं ब्लाऊज

ताई,

मी ४१ वर्षांची आहे, पुण्यात एका जर्मन कंपनीत काम करते. नोव्हेंबरपासून दोन वर्षांसाठी हॅम्बुर्गच्या ऑफिसात बदली झाली आहे. आजवर 'सेल आहे, चार घेऊन टाकू' अशीच खरेदी केली. या वेळी ठरवलं की कमी घ्यायचं पण उत्तम घ्यायचं. नक्षी नको, लेबल बाहेर दिसायला नको, पण कापड असं की हात लावताच कळावं. एका युरोपीय साइटवरून कॅमल रंगाचा लोकरीचा लांब कोट (६८ हजार) आणि राखाडी ट्राउजर (२८ हजार) मागवली. नवऱ्याला दोन्ही मिळून ६० सांगितलेत.

माझी उंची ५ फूट १ इंच. छाती ९२, कंबर ७२, हिप १०० सेंटीमीटर. तक्त्यात माझा फ्रेंच नंबर ४२ येत होता, पण आत स्वेटर मावायला हवा म्हणून कोट ४४ घेतला. आता त्याचे खांदे दंडावर उतरलेत, बाह्या बोटांपर्यंत येतात आणि खालची कड घोट्याशी. साइटवर कोटाची लांबी ११८ आणि मॉडेलची उंची १७८ लिहिली आहे. तिच्यावर तो काय दिसतो! माझ्यावर बघून नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचा कोट घातलास का?" ट्राउजर हिपवर छान बसते, कंबरेत ढिली आहे, आणि लांबी अशी की चालता चालता फरशी पुसून होईल. परत पाठवायला ९ दिवस उरलेत. कोट एक नंबर लहान मागवू? की इथेच दोन्ही अल्टर करून घेऊ? की हे कपडे आपल्यासारख्यांसाठी नसतातच?

— ढगळ, कोथरूड

प्रिय ढगळ,

नऊच दिवस आहेत, म्हणून आधी निकाल सांगते. कोट परत पाठवा. लहान नंबर मागवू नका. ट्राउजर ठेवा, ती तुमचीच आहे. आता कारणं सांगते. ती कळली नाहीत, तर हॅम्बुर्गला पोचल्यावर पहिल्याच दुकानात पुन्हा हेच होईल.

४४ घेण्यात चूक झाली, पण ती फार लोक करतात. कोटाचा नंबर कोटाच्या घेरावरून नाही, घालणाऱ्याच्या अंगावरून ठरलेला असतो. ४२ नंबरचा कोट म्हणजे ४२ अंगाच्या बाईने आत स्वेटर घालून वर चढवायचा कोट. स्वेटरची जागा कापणाऱ्याने आधीच धरलेली असते. तुम्ही ती दुसऱ्यांदा धरलीत. एरवी मी म्हटलं असतं, ४२ मागवा आणि विषय संपवा. पण एका नंबराने बदलतं काय, ते बघा. छातीच्या घेरात साधारण ४ सेंटीमीटर, खांद्यात जेमतेम एक, लांबीत जवळजवळ काहीच नाही. तुमचा खांदा दंडावर उतरलाय. तो एका सेंटीमीटरने वर चढेल आणि नणंद तेच वाक्य पुन्हा म्हणेल.

खरी गोष्ट लांबीत आहे. मानेच्या मागे जे हाड हाताला लागतं, तिथपासून जमिनीपर्यंत तुमच्या उंचीच्या बाईचं अंतर साधारण १३२ सेंटीमीटर भरतं. १७८ उंचीच्या मॉडेलचं १५२ च्या आसपास. ११८ चा कोट तिच्यावर जमिनीपासून ३४ सेंटीमीटर वर थांबतो, म्हणजे पोटरीच्या मध्यावर. तुमच्यावर तोच कोट १४ वर थांबतो. तुम्ही फोटोत जो कोट पसंत केलात, तो या मुलीवरचा पोटरीपर्यंतचा कोट होता. घरी आला तो घोट्यापर्यंतचा. कोट एकच, पण नजरेला दोन वेगळे. तिच्यावर दिसतं ते प्रमाण तुम्हाला हवं असेल तर तुमचा कोट १०२ च्या आसपास हवा. हा हिशेब मागवण्याआधी दोन मिनिटांत होतो, कारण बऱ्याच साइट मॉडेलची उंची आणि कपड्याची लांबी दोन्ही देतात. आपण किंमत चारदा बघतो आणि हे दोन आकडे सोडून देतो.

"मग खालून १६ सेंटीमीटर कापून घेते," असं तुमच्या मनात आलं असेल. खिसे आहेत तिथेच राहतील, म्हणजे कडेच्या फार जवळ येतील. शेवटचं बटणही आहे तिथेच राहील, आणि त्याच्या खाली कोट जेमतेम उरेल. उंच बाईच्या कोटाचा खालचा भाग कापला की उरतो तो कापलेला कोट, छोटा कोट होत नाही. शिवाय अशा किमतीचे बरेच कोट दुहेरी विणीच्या कापडाचे असतात. मागावरच दोन पदर एकत्र विणून बारीक धाग्यांनी आतून बांधलेले असतात आणि कडेला ते पदर सोडवून, आत दुमडून, हाताने शिवतात. म्हणून त्याला अस्तर लागत नाही आणि आतली बाजूही बाहेरच्यासारखीच स्वच्छ दिसते. तुमचा कोट बिनअस्तराचा असेल आणि आत शिलाई शोधूनही सापडत नसेल, तर तो याच जातीचा. गल्लीतला अल्टरवाला कितीही हुशार असला, तरी त्याच्या ओव्हरलॉक मशीनखाली हे कापड देऊ नका.

आता जरा मूळ प्रश्नाकडे. साधे कपडे अंगावर बसवणं अवघड का जातं? पैठणी नेसलेल्या बाईचं ब्लाऊज बगलेत सुटलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डोळा काठात, पदरातल्या मोरात गुंतलेला असतो. एकरंगी कोटात डोळ्याला जायला जागाच नसते. तो खांद्याच्या रेषेवर जातो, मग बाही कुठे संपते तिथे, मग कड. रेष चुकली की तेवढंच दिसतं. तुम्ही निघालात त्या हॅम्बुर्गमध्येच जिल सँडर या डिझाइनर बाईंनी १९६८ साली आपलं काम सुरू केलं, आणि पुढे जगभर नाव झालं ते नक्षीवर नाही, कापडावर आणि कटवर. 'द रो' या अमेरिकी लेबलचं नाव ऐकलं असेल. ते २००६ साली सुरू झालं आणि लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीवरून ठेवलेलं आहे. म्हणजे हे लोक स्वतःच सांगताहेत की आम्ही विकतो ते कापणं. तुम्ही जे जास्तीचे पैसे दिलेत ते कापण्याचे आहेत. ते कापणं तुमच्या अंगासाठी नसेल तर उरतं फक्त चांगलं कापड, आणि ते लक्ष्मी रोडवर मीटरने मिळतं.

गोंधळ आणखी एका कारणाने वाढतो. हल्ली यातले निम्मे कपडे मुद्दाम मोठे कापलेले असतात. कोट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. बहुधा १२५ च्या पुढेच भरेल. तुमची छाती ९२. नेहमीच्या कोटात अंगापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर जास्त असतात, शर्टात ८ ते १२. इथे तीस-पस्तीस. ही चूक नव्हे, तसंच काढलंय.

मग मुद्दाम सैल कापलेला कपडा बरोबर बसला की नाही हे कसं ओळखायचं? मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आणि तुम्ही सही करताना त्यातला अचूक निवडलात. एक सैल, एक ढगळ. सैल कपडा एका ठिकाणी अंगाला घट्ट धरून असतो आणि बाकी सुटा सोडलेला असतो. ढगळ कपड्याने अंगाला कुठेच धरलेलं नसतं. म्हणून कुठलाही कपडा घालून बघताना पहिला प्रश्न हा विचारा की हा टांगलाय कुठे. कोट, शर्ट, अंगरखा टांगले जातात खांद्यावर आणि मानेमागे. ट्राउजर आणि स्कर्ट कंबरेवर, काही वेळा हिपच्या हाडावर. त्या एका जागी कपडा चोख बसला पाहिजे. मानेमागे कॉलर चिकटून राहिली पाहिजे, मध्ये बोट जाईल अशी फट नको. हात हलवला तरी कोट मागे ओघळता कामा नये. एवढं जमलं की खाली घेर कितीही असू दे, तो डिझाइनरचा प्रश्न. तुमच्या कोटाचं दुखणं घेर नाही. त्याला लटकायला तुमचे खांदे पुरत नाहीत.

माझी आई दादरला शिवणक्लास घ्यायची. नवी मुलगी आली की आई पहिल्या दिवशी तिला कात्री देत नसे. म्हणायची, "उद्या मापाचं ब्लाऊज आण." मापाचं ब्लाऊज म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक बाईकडे एक असतं. ते सगळ्यात सुंदर असेलच असं नाही, बहुतेक वेळा विटलेलं असतं, पण घातलं की अंगावर आहे हे विसरायला होतं. टेलर टेप घेऊन पुढे आला तरी आपण म्हणतो, "राहू दे, हे घ्या मापाला." त्या टेपने फार काळ आपल्याला लाजवलंय, पोट आत घ्यायला लावलंय. मापाचं ब्लाऊज लाजवत नाही आणि खोटंही बोलत नाही.

ऑनलाइन महागडे कपडे घेताना नेमकं हेच करायचं, आणि हेच आपण विसरतो. ब्लाऊजला जी अक्कल लावतो ती कोटाला लावत नाही.

तुमच्या कपाटातला एक शर्ट, एक जाकीट आणि एक ट्राउजर निवडा. तिन्ही 'मापाची'. टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा, ताणू नका. शर्ट-जाकिटाचं मोजा: खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, कॉलरच्या बुडापासून पाठीमागची लांबी आणि बाही. बाहीची एक गंमत आहे. ज्या कपड्याचा खांदाच दंडावर उतरलेला असतो त्याची बाही साइटवर आखूड लिहिलेली दिसते, आणि घातल्यावर लांब निघते. म्हणून बाही मानेच्या मध्यापासून, खांद्यावरून, थेट मनगटापर्यंत मोजा. हा एकच आकडा कुठल्याही कटला लागू पडतो. दंडाचा घेर मोजायला विसरू नका. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं सगळं मापात बसतं आणि बाही दंडात अडते.

ट्राउजरला कंबर, कंबरेपासून २० सेंटीमीटर खाली हिप, मांडी, आतल्या शिवणीची लांबी, खालची मोरी म्हणजे पायाच्या तोंडाचा घेर, आणि मुख्य म्हणजे आसन, पुढचं आणि मागचं, दोन पाय जुळतात तिथपासून शिवणीवरून कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. आता साइटवर 'प्रॉडक्ट मेझरमेंट्स' म्हणून कपड्याची मापं कुठे दिलीत ते शोधा, नसतील तर लिहून विचारा. ७० हजारांची वस्तू विकणारी माणसं टेप काढून मोजतात, मी मागवलेली आहेत. 'साइज गाइड' मध्ये असतात ती अंगाची मापं, कपड्याची नव्हेत. या दोन तक्त्यांमध्ये गल्लत झाली की पुढे सगळंच बिघडतं. कपड्याची मापं तुमच्या मापाच्या कपड्याशी ताडून बघा. खांदा दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त मोठा निघाला आणि कपडा मुद्दाम सैल काढलेला नसेल, तर पुढे जाऊ नका.

नंबरांचं थोडक्यात सांगते, कारण तिकडे तीन देशांचे नंबर एकाच रॅकवर लटकलेले दिसतील. छातीचं माप सेंटीमीटरमध्ये घेऊन निम्मं करा, तो साधारण इटलीचा नंबर. त्यातून ४ वजा केले की फ्रान्सचा, ६ वजा केले की जर्मनीचा. तुमचे ९२, म्हणून इटलीत ४६, फ्रान्समध्ये ४२, जर्मनीत ४०. प्रत्येक घराणं यात थोडं इकडेतिकडे करतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. एस-एम-एल वर मात्र भरवसा ठेवू नका, एकाचा एम दुसऱ्याचा एक्सएल असतो.

आणि ही गोष्ट खास तुमच्यासाठी. जर्मनीत कमी उंचीच्या बायकांसाठी वेगळे नंबर आहेत आणि ते नेहमीच्या नंबराच्या निम्मे असतात. ४० च्या जागी २०. त्यात घेर ४० चाच, पण कंबर, गुडघा, बाही, लांबी सगळं वर सरकवून कापलेलं. उंच बायकांसाठी उलट दुप्पट, म्हणजे ८०. फार महागडी घराणी हे नंबर काढत नाहीत, पण तिथल्या मोठ्या दुकानांतून, चांगल्या लोकरीच्या ट्राउजर आणि जाकिटांत ते मिळतात. २० ऐकून लहान मुलींच्या विभागात जाऊ नका.

यातून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. 'आपल्यासारख्यांसाठी नसतात का?' कारखाना आधी एकाच मापाचा नमुना काढतो, तोही उंच मुलीवर बसवून. मग तो रुंदीला वाढवत नेतो, उंचीला नाही. म्हणजे कागदावर ४४ नंबरची बाई ३४ नंबरच्या मॉडेलइतकीच उंच असते! खुद्द अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेऊन प्रमाण नंबर ठरवायचा घाट घातला, १९५८ साली ते छापले, आणि १९८३ मध्ये मागे घेतले. त्यांना त्यांच्याच बायका मापात बसवता आल्या नाहीत. आपल्याकडे निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने मुंबई-दिल्लीसह सहा शहरांत २५ हजार माणसांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं, आजवर आपण विलायती तक्तेच वापरत आलो. तेव्हा कपडा बसला नाही तर अंगाकडे बघून उसासा टाकू नका. साडीला कधी कुणी 'मला बसत नाही' म्हटलंय का? आपण निऱ्या कमी-जास्त करतो.

आता ट्राउजर. ती तुम्ही नकळत अगदी बरोबर घेतलीत. हिप बरोबर, कंबर ढिली, हीच योग्य चूक. उलट झालं असतं तर फार काही करता आलं नसतं. ट्राउजर नेहमी अंगाच्या सर्वांत मोठ्या भागाच्या मापाने घ्यायची आणि बाकी आत घ्यायचं. तुमची कंबर चारेक सेंटीमीटर सुटत असेल, तर मागच्या मधल्या शिवणीतून ती निघून जाते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. तेव्हा चारवर थांबा.

टेलरकडे जाण्याआधी मात्र आरशासमोर उभं राहून सुरकुत्या वाचा. आई म्हणायची, कपडा सुरकुतीने बोट दाखवतो. आडवी सुरकुती म्हणजे तिथे कापड कमी पडतंय. उभी घडी म्हणजे जास्त आहे. तिरकी असेल तर तिच्या टोकाशी बघा, दुखणं तिथे असतं. पुढे जांघेपाशी मांजराच्या मिशांसारख्या रेषा पसरत असतील तर आसन तोकडं आहे. बाजूचे खिसे कान उघडल्यासारखे उभे राहत असतील तर हिपला कमी पडतंय, तुम्हाला सैल वाटत असलं तरी. मागे सीटखाली कापड लोंबत असेल तर तेवढं चालवून घ्या, बसायला तेच कामी येतं. हे सगळं बघायचं ते संध्याकाळी, जेवून, आणि खुर्चीत बसूनसुद्धा. सकाळी उपाशीपोटी उभ्याने सगळंच बसतं.

लांबीसाठी हॅम्बुर्गमध्ये जे बूट घालणार ते आधी घ्या, मग ट्राउजर टेलरकडे न्या. उलट क्रम केलात तर पुन्हा पस्तावाल. मोरी सरळ खाली पडणारी असेल तर नऊ-दहा सेंटीमीटर कापले तरी काही बिघडत नाही. खाली निमुळती होत गेली असेल तर कापल्यावर मोरी रुंद राहते आणि गुडघ्याचा निमुळतेपणा पोटरीवर येतो, तेव्हा आतल्या-बाहेरच्या शिवणीतून थोडी आत घ्यायला सांगा. आधी वाफेची इस्त्री करून, रात्रभर टांगून मग टाचण्या लावा. तुमच्या समोर, तुम्ही बूट घालून उभ्या असताना. "मॅडम, अंदाजाने करून ठेवतो" असं कुणी म्हटलं की ट्राउजर उचलून बाहेर पडा.

अल्टर करून सगळं सुटतं ही समजूत माझीही होती. बारा वर्षांपूर्वी परदेशात एका मोठ्या दुकानाच्या सेलमध्ये मी कोळशाच्या रंगाचं लोकरीचं जाकीट निम्म्या किमतीत घेतलं. खांदे दोन्हीकडे दीड-दीड सेंटीमीटर बाहेर होते. दुकानातली मुलगी म्हणाली, आतून पॅड आहे, जाणवणार नाही. मला ते जाणवून घ्यायचंच नव्हतं, लेबल वाचून झालं होतं. घरी आल्यावर आमच्या टेलरकाकांनी ते उलटंपालटं केलं, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलात, बोट घातलं आणि म्हणाले, "ताई, खांदा धरायचा तर अस्तर सोडवा, बाही काढा, पॅड काढा, मुंढा नव्याने कापा, बाही परत बसवा. एवढ्यात मी नवं शिवतो." जाकीट कपाटात आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीला मी ते एकदा घालून बघते, खांदे अजून तिथेच आहेत.

म्हणून घालून बघताना जे बदलत नाही तेच आधी बघा: खांदा, मुंढ्याची उंची, आसन, खिशांची जागा. मुंढा फार खाली असेल तर हात वर करताच अख्खा कोट वर चढतो. ट्रेनमधली दांडी धरल्यासारखा हात करून बघा, कळेल. बाहीची लांबी कमी करता येते, पण मनगटाशी खरी काजं पाडलेली असतील तर खालून कापता येत नाही, वरून मुंढ्यातून काढावी लागते आणि ते महागात जातं.

कोट मग कुठला घ्यायचा? माझं ऐकाल तर इथून घेऊन जाऊच नका. पहिले काही आठवडे एखादं साधं पॅडिंगचं जाकीट चालवा. तिकडे वारं असतं, पाऊस भुरभुरा आणि आडवा असतो, घोट्यापर्यंतचा फिकट लोकरीचा कोट त्या चिखलात काय दिसेल ते सांगायला नको. तुम्ही ऑफिसला सायकलने जाऊ लागलात तर चाकातही अडकेल. तिथे गेल्यावर दुकानात उभं राहून, ऑफिसात घालाल तोच स्वेटर आणि तेच बूट घालून, चार कोट चढवून बघा. थंडीच्या कपड्यांचा सेल जानेवारीच्या अखेरीस लागतो, धीर असेल तर तोवर थांबा. एक लक्षात ठेवा. युरोपात ऑनलाइन घेतलेला कपडा १४ दिवसांत परत करायचा हक्क कायद्याने आहे, पण जर्मनीत दुकानात हाताने घेतलेला, दोष नसलेला कपडा परत घ्यायचा की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर असतं. बिल करण्याआधी विचारा.

कट म्हणाल तर रॅगलन बाहीचा बघा. त्यात खांद्यावर शिवण नसते, ती मानेपासून तिरकी काखेत उतरते. वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनच्या नावाची ही बाही. खांद्याला शिवणच नसल्यामुळे 'उतरला' असं दिसायलाही काही उरत नाही, आणि आत जाड स्वेटर सहज मावतो. ते नको असेल तर नेहमीसारखी बसवलेली बाही, आणि शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर किंवा फार तर एक बोट पुढे. लांबी १०० ते १०५. यात तुम्ही १७८ च्या दिसणार नाही, दिसायचंही नाही. तुम्ही १५५ च्याच दिसाल, पण कोट तुमचा वाटेल.

आणखी एक वाट आहे, ती इथूनच जाते. राजेश प्रताप सिंग, अब्राहम अँड ठाकोर, किंवा लोकरीच्या कपड्यांसाठीचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय वूलमार्क पारितोषिक मिळवणाऱ्या रुचिका सचदेवा यांचं 'बॉडिस', ही मंडळी अशाच शांत, बिननक्षीच्या कपड्यांसाठी ओळखली जातात. आपल्याकडच्या लेबलांना ऑर्डर देण्याआधी लांबी कमी करून शिवाल का, हे विचारायला लाजू नका. आपल्याला टेलरला सूचना द्यायची सवय जन्मापासून आहे, महागडं लेबल दिसलं की ती का जाते कोण जाणे.

कोट परत करताना टॅग, खोका, कापडी पिशवी सगळं होतं तसं ठेवा आणि आत्तापासून तो अंगावर चढवू नका, नणंदेला पुन्हा दाखवायलासुद्धा नाही. पावडर-अत्तराचा वास लागला तरी परत येऊ शकतो. पैसे जमा झाले की तुमचा खर्च २८ हजारांवर येईल. म्हणजे नवऱ्याला सांगितलेला आकडा उलट जास्तच निघाला, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

ट्राउजरची कंबर आत घेताना टेलरला एक गोष्ट दोनदा बजावा: जास्तीचं कापड छाटायचं नाही, दोन सेंटीमीटर तरी माया आत तशीच राहू द्यायची. हॅम्बुर्गला फ्रान्झब्रोट्शेन म्हणून लोण्यात घोळलेला दालचिनीचा गोड पाव मिळतो. तुम्ही तिथे दोन वर्षं आहात.

— ताई